बाबेलच्या आधीच वेगवेगळ्या भाषा होत्या, मग बाबेलला नेमकं काय झालं?

तुमचा प्रश्न असा: बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात नोहाचे वंशज ‘आपापल्या भाषेप्रमाणे’ देशोदेशी पसरले असं लिहिलंय आणि लगेच अकराव्यात ‘सर्व पृथ्वीची भाषा एकच होती’. दोन्ही खरं कसं?

संडे स्कूलमध्ये मी हाच प्रश्न विचारला होता. बाई म्हणाल्या, अकराव्यातली गोष्ट आधी घडली, दहाव्यात तिचा पुढचा पसारा सांगून टाकलाय. हे उत्तर चुकीचं नाही, जुने भाष्यकारही असंच जुळवून घेतात. पण आता मला वाटतं की हे दोन वेगळे कागद शेजारी ठेवलेत, आणि दोघांचा सूरही वेगळा आहे.

दहावा अध्याय म्हणजे नोहाच्या तीन मुलांची वंशावळ. याफेथचे १४, हामचे ३० आणि शेमचे २६ धरले की परंपरेतली ७० राष्ट्रं होतात. इथे कुणाचा गुन्हा नाही, कुणाला शिक्षा नाही. घर वाढलं, भाऊ वेगळे झाले, इतकंच. यादी भाषाशास्त्राची मात्र नाही. कनान हामचा मुलगा, पण कनानी बोली हिब्रूच्या सख्ख्या बहिणी. एलाम शेमचा मुलगा, पण एलामी भाषेचं हिब्रूशी काही नातं नाही. शेजार कोणाचा, वैर कोणाशी, यावरून नाती लावलेली दिसतात. हिब्रू, अरबी वगैरेंच्या भाषाकुळाचं ‘सेमिटिक’ हे नाव मात्र याच शेमवरून अठराव्या शतकात घडवलं गेलं. आणि याफेथचा मुलगा यावान म्हणजे ग्रीक. आपला ‘यवन’ त्याच आयोनियन लोकांच्या नावावरून आला.

अकरावा अध्याय जेमतेम नऊ वचनांची गोष्ट, आणि खरं तर चेष्टा. शिनारच्या, म्हणजे बॅबिलॉनच्या मुलखातल्या, मैदानात दगड नाही, म्हणून हे लोक विटा भाजतात आणि चुन्याच्या जागी डांबर वापरतात. हिब्रूत हे मोठ्याने वाचून बघा: डांबराला ‘हेमार’, गाऱ्याला ‘होमेर’. शब्द आधीच एकमेकांत कालवायला लागलेत! बुरूज आकाशाला भिडवायचा बेत, आणि तो बघायला देवाला खाली उतरावं लागतं. मग देव त्यांची भाषा कालवतो, एकाचं दुसऱ्याला कळेनासं होतं, आणि सगळे पांगतात. बुरूज कोसळला असं कुठेही लिहिलेलं नाही, बरं का. बांधायचं थांबलं, एवढंच.

ही चेष्टा कुणाची, हेही उघड आहे. बाबेल म्हणजे बॅबिलॉन. तिथल्या जुन्या अक्कादी भाषेत ‘बाब-इलिम’, देवाचं दार. हिब्रू लेखक ते ‘बालल’, म्हणजे कालवणे, या शब्दाशी जोडून मोकळा होतो. तिथे एतेमेनान्की नावाचा पायऱ्यापायऱ्यांचा मंदिर-बुरूज खरोखर होता, पायाची एक बाजू सुमारे ९१ मीटर. बॅबिलॉनचा राजा नबुखद्नेस्सर याच्या काळातल्या विटांवर त्या राजाच्या नावाचा ठसा आहे. ‘आपण आपलं नाव करू’ हे वाक्य वाचताना मला त्या विटाच दिसतात. इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम पाडून यहुद्यांना ज्या गावी नेलं, ते हेच. गोष्ट नेमकी कधी लिहिली यावर वाद आहेत, पण बंदिवासातल्या माणसाला तो बुरूज रोज दिसत असताना ती कशी ऐकू आली असेल, याचा विचार करा. आज इराकमध्ये हिल्लाजवळ त्या जागी चौकोनी खड्डा आहे, पाणी साचलेला. विटा लोकांनी कधीच उचलून नेल्या.

म्हणून दोन्ही अध्याय जबरदस्तीने एका काळात बसवायची मला गरज वाटत नाही. पहिला विचारतो, कोण कोणाचा कोण. दुसरा विचारतो, ही माणसं एकमेकांचं का ऐकत नाहीत.

तुम्ही शेवटी विचारलंय, या सत्तरात भारत आहे का? नावाने नाही. तो बायबलमधल्याच एस्तेरच्या पुस्तकाच्या पहिल्याच वचनात येतो, ‘होद्दू’ म्हणून, आपल्या सिंधूचंच पारशी वळणाने गेलेलं नाव: पारसाचा राजा अहश्वेरोश याचे १२७ प्रांत, होद्दूपासून कूशपर्यंत, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडच्या मुलखापर्यंत.