भट्टीपाशी फोन कुणाचा?

प्रश्न : ताई, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या लघुउद्योजकांच्या एका संघटनेचा मी सचिव आहे. सभासद साडेतीनशेच्या आसपास. प्रेसशॉप, टर्निंग, पावडर कोटिंग, पॅकेजिंग, सगळ्या तऱ्हेचे. व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ई-मेल जातात, तरी 'आम्हाला कुणी काही कळवत नाही' हेच ऐकावं लागतं. मध्यंतरी वीज बंद राहणार असल्याचा निरोप ग्रुपवर टाकला होता. एका सभासदाने तो पाहिलाच नाही. त्याची हार्डनिंगची (लोखंड कडक करायची) भट्टी मध्येच थंडावली आणि आतला माल भंगारात गेला. सर्वसाधारण सभेत त्याने मला फैलावर घेतलं. अध्यक्ष म्हणतात, संघटनेचं ॲप काढू या. काढावं का?
— एक सचिव, ठाणे

उत्तर : सचिवसाहेब, ॲप नको. ज्याला व्हॉट्सॲपवरचा निरोप बघायला फुरसत नाही, तो तुमचं ॲप उघडणार आहे होय? अध्यक्षांना सांगा, ते पैसे ऑफिसात फोन उचलणाऱ्या एका चांगल्या माणसाच्या पगारावर घाला.

रबाळे-महापे पट्ट्यातल्या एका संघटनेचं ऑफिस मी बरीच वर्षं सांभाळलं. तुमच्या पत्रात मला पहिली गोष्ट खटकली ती अशी की निरोप गेला मालकाला. मालक त्या वेळी तीन हात नाक्याच्या सिग्नलला अडकलेला असतो, नाहीतर बँकेत, नाहीतर चाकणला ग्राहकासमोर. भट्टीत माल घालायचा की थांबायचं हे सुपरवायझर ठरवतो आणि त्याचा नंबर तुमच्याकडे नसतो. तेव्हा आधी प्रत्येक गाळ्याकडून तीन नंबर घ्या : मालकाचा, शॉपफ्लोअरवरच्या माणसाचा आणि हिशेब बघणाऱ्याचा. वीज-पाणी दुसऱ्याला, जीएसटी-पीएफ तिसऱ्याला. मालकाला दोन्ही पाठवा, पण भिस्त त्याच्यावर ठेवू नका. सुपरवायझर नोकऱ्या बदलतात, म्हणून ही यादी दर तिमाहीला फोन करून तपासावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

दुसरं, वीज रोड नंबर १६ ला जाणार असेल तर रोड नंबर २२ वाल्याचा फोन कशाला वाजवायचा? दहा वेळा आपल्याशी संबंध नसलेला निरोप आला की अकराव्या वेळी माणूस बघत नाही. त्यात त्याची चूक नाही. महावितरणच्या स्थानिक ऑफिसात एकदा बसून कोणती लेन कोणत्या फीडरवर, म्हणजे कोणत्या वीजवाहिनीवर, आहे ते लिहून आणा आणि याद्या तशा पाडा. निरोपही असा लिहा : 'गुरुवार, सकाळी ९ ते दुपारी २ वीज बंद. फक्त रोड नंबर १६ आणि मागची लेन. भट्टी, कॉम्प्रेसर आधी बंद करा. शंका असल्यास ऑफिसला फोन.' 'सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की' हे वाक्य कायमचं रजेवर पाठवा. फोनच्या पडद्यावर पहिल्या दोन ओळीच दिसतात, त्या सन्मानात खर्ची पडतात.

व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच निरोप प्रत्येकाला वेगळा धाडणारी यादी) करणार असाल तर ध्यानात ठेवा : एका लिस्टमध्ये २५६ नंबर मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. त्यापेक्षा व्हॉट्सॲपच्याच 'कम्युनिटी'तला घोषणांचा ग्रुप बरा. तिथे घोषणा फक्त ॲडमिन टाकतो आणि सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, म्हणजे विमा विकणाऱ्यांचाही उपद्रव टळतो. 'शुभ सकाळ', वाढदिवस, शाल-श्रीफळाचे फोटो यांना वेगळा ग्रुप द्या. बंद मात्र करू नका. जुनं लेथ मशीन विकायचं, फिटर हवाय, हे व्यवहार तिथेच जमतात.

आता परिपत्रकं. सरकारी इंग्रजी पीडीएफ जशीच्या तशी पुढे ढकलणं म्हणजे कळवणं नव्हे. ४५ दिवसांच्या पेमेंटचंच घ्या. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तेव्हाच्या आयकर कायद्यातलं कलम ४३ब(एच) लागू झालं, तेव्हा पीडीएफ गावभर फिरल्या आणि निम्म्या लोकांना वाटलं, सरकारच आपली बिलं वसूल करून देणार! सभासदाला एवढंच हवं होतं : तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केलेली असेल, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत तुमचं बिल चुकतं व्हायला हवं. मुदत टळली आणि आर्थिक वर्ष उलटलं, तर तो खर्च ग्राहक कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा करता येतो. उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांसाठी हे आहे, निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांसाठी नाही. ग्राहकाला हे कळावं म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापा. बस्स. हेच मराठीत आणि हिंदीत, आणि गाडी चालवणाऱ्यांसाठी मिनिटभराच्या व्हॉइस नोटमध्ये. लिहून झालं की धाडण्याआधी एखाद्या टर्निंगवाल्याला वाचून दाखवा. सीएला नको, त्याला सगळंच कळतं.

'कळवत नाही' या तक्रारीत मला आणखी एक तक्रार ऐकू येते : 'आम्ही सांगितलं त्याचं काय झालं?' रस्त्यावरचे खड्डे, तुंबलेलं गटार, रात्री बंद असलेले दिवे हे सगळं सभासद तुम्हाला सांगतात आणि मग सामसूम. महिन्यातून एकदा फक्त एवढं पाठवा : कोणती तक्रार, कुणाकडे पत्र दिलं, कोणत्या तारखेला, उत्तर काय. 'उत्तर नाही, पुन्हा पत्र दिलं' हेही लिहा. पदाधिकाऱ्यांना हे आवडत नाही, अपयश दिसतं म्हणे. दिसू द्या! माझ्या अनुभवात लोक गटार तुंबलेलं सहन करतात, पण आपलं पत्र फाइलमध्ये पुरलं गेलंय ही शंका सहन करत नाहीत.

वर्गणी थकवलेल्यांची नावं मात्र ग्रुपवर टाकू नका. खजिनदाराने स्वतः फोन करावा, आणि तोही महिन्याच्या २५ तारखेनंतर. पगार सातच्या आत द्यायचे असतात, पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) पंधराला, जीएसटीचं मासिक विवरण वीसला. त्या दिवसांत पैसे मागणाऱ्याचा फोन कुणीच उचलत नाही. फोनवर पैशाआधी एकच विचारा : संघटनेकडून गेल्या वर्षी तुमच्या काय उपयोगी पडलं? जे उत्तर येईल ते तिथल्या तिथे लिहून घ्या, बचाव करत बसू नका.