आजोबांची ३१५

पाचपाखाडी, ठाणे

पोरी,

आजोबांची ३१५ रायफल तुझ्या नावावर करून घ्यायची आणि तिच्या जोडीला 'अजून चार-पाच जुन्या रायफली' जमवायच्या, हे वाचून हसू आलं. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच बंदुका. माझ्याकडे तीन होत्या. वडिलांची बारा बोअरची बंदूक जमा केली, तिची पावती अजून पाकिटात आहे. बाकी काही लिहवत नाही त्याबद्दल.

आधी कागद. आजोबांच्या परवान्यावर ती तुला वापरता येणार नाही. वारस म्हणून पोलीस आयुक्तालयात स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज कर, तोवर ती जमाच राहू दे. येऊरला जाऊन 'एकच बार काढू' म्हणणारा कुणीतरी भेटेलच. ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि शिकारीचे दिवस १९७२च्या कायद्याने संपले. अशाला चहा पाजून घरी पाठव.

नळीवर बर्मिंगहॅमचं नाव आहे म्हणतेस, म्हणजे बीएसए कंपनीची. इंग्रजांनी फौजेचं ३०३ काडतूस रयतेच्या हाती नको म्हणून अडवलं, तेव्हा ऑस्ट्रियाच्या फौजेचं जुनं आठ मिलिमीटरचं काडतूस इथल्या शिकारी रायफलीत आलं. तेच हे ३१५. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे बसली पाहिजे, नाहीतर बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत सारणारा दांडा, ढकलताना दोन्ही एकमेकांत अडकतात. शिकारी जिम कॉर्बेटसाहेबांची २७५ रिग्बी रायफल माउझर बनावटीची, कडेची भानगडच नाही. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर ती त्यांना भेट मिळाली होती. तिची स्वप्नं खुशाल बघ, पण हात आजोबांच्या बोल्टवर बसू दे.

आजोबा बार झाल्यावर नळीत उकळतं पाणी ओतायचे, आठवतं? तू त्याला पूजा म्हणायचीस. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्याचा क्षार नळीत उरतो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. पाण्यानंतर कोरडं फडकं, मग तेल. हाच क्रम.

आणि आपली खाडीची हवा! एका जुलैत मी रायफल पुसून चामड्याच्या म्यानात ठेवली आणि गणपतीनंतर उघडली. बोल्टवर गंजाचा एक ठसा, रेषा न् रेषा स्पष्ट. माझाच अंगठा. पुसल्यावर घामेजल्या हाताने एकदा धरली होती, तेवढंच. चामडं ओल धरतं, म्हणून म्यान फक्त प्रवासापुरतं. अजून तो डाग आहे, घासून काढला नाही.

नेमबाजीची सुरुवात मात्र एअर रायफलनेच कर. दहा मीटरवर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, छर्रा साडेचार मिलिमीटरचा. चाप ओढताना बोट कुठे चोरतं ते तिथे लगेच कळतं, ३१५च्या धक्क्यात ते लपून जातं. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटरवर कांस्य मिळवलं, त्याच्या बातम्या बघतेसच. पदकाचं सोड, पण त्याचा श्वास कधी थांबतो ते बघ.

रविवारी घरी ये. माझ्या रायफलीच्या दस्त्याला जवसाचं तेल लावायचं आहे, अगदी दोन थेंब, तळहाताने चोळून. तेल तापेपर्यंत चोळायचं असतं आणि माझा उजवा खांदा आता दुखतो.

तुझा,
काका