व्हर्जिनियात आमदाराची निवड खरोखरच चिठ्ठी काढून झाली होती का?

होय. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे ‘हाउस ऑफ डेलिगेट्स’मध्ये, 100 जागा असून प्रत्येक मतदारसंघातून एकच सदस्य अवघ्या दोन वर्षांसाठी निवडला जातो. नोव्हेंबर 2017 मध्ये न्यूपोर्ट न्यूज शहरातील 94व्या मतदारसंघात रिपब्लिकन डेव्हिड यान्सी पहिल्या मोजणीत 10 मतांनी पुढे होते. फेरमोजणीत मात्र डेमोक्रॅट शेली सायमंड्स एका मताने विजयी ठरल्या.

खरा पेच त्यानंतरचा. एका मतपत्रिकेवर मतदाराने दोघांच्याही नावापुढील गोल काळे केले होते आणि सायमंड्स यांच्या गोलावर एक तिरकी रेघ मारली होती. तीन न्यायाधीशांच्या न्यायालयाने ती रेघ म्हणजे खोडाखोड मानून मत यान्सींना दिले आणि दोघांची मते 11,608 अशी समसमान झाली. अशा वेळी चिठ्ठी काढावी, असा तेथील कायदा असल्याने 4 जानेवारी 2018 रोजी फिल्मच्या डब्यांत नावे घालून ते डबे निळसर चिनी मातीच्या वाडग्यात ठेवण्यात आले. नाव निघाले यान्सींचे, आणि सभागृहातील रिपब्लिकन बहुमत 51 विरुद्ध 49 असे जेमतेम टिकले.

आपल्याकडेही 2017 मध्येच मुंबई महापालिकेच्या 220 क्रमांकाच्या प्रभागाचा निकाल ईश्वरचिठ्ठीनेच लागला होता, तेव्हा हसण्याचे कारण नाही. सायमंड्स यांनी 2019 मध्ये यान्सींना हरवून ती जागा जिंकली.