मेंढीच्या काळजातली ‘सिस्ट’: गळू, गाठ की पुटी?

साक्रीकडच्या एका मेंढपाळाची विचारणा आहे: कापलेल्या मेंढीच्या काळजात लिंबाएवढी, पाण्यानं भरलेली पांढरी पिशवी निघाली. डॉक्टरांनी ‘हायडॅटिड सिस्ट’ लिहिलं. मराठीत गळू म्हणायचं का?

गळू नको. गळवात पू असतो, म्हणजे मेलेल्या पांढऱ्या पेशींचा दाट राडा. इथं आत नितळ पाणी आहे. त्यात क्षार, ग्लुकोज, थोडी प्रथिनं, युरिया. ‘हायडॅटिड’चं ग्रीक मूळही पाण्याचंच. गाठ बोलण्यात चालते, अहिराणीत ‘पानीनी गाठ’ म्हटलं तरी समजतं. पण अहवालात ‘गाठ’ वाचली की भरीव मांसाची गाठ डोळ्यांपुढे येते. ‘कोश’ टाळावा, तो ‘कोशिका’शी, म्हणजे पेशीशी घोटाळा करतो. उरते पुटी. पुट म्हणजे पोकळी, खोलगट घडी: अंजलिपुट, संपुट. पातळ भिंत आणि आतली पोकळी दोन्ही या शब्दात येतात. म्हणून ‘हायडॅटिड पुटी’, अनेकवचनी पुट्या. आणि अहवालात काळजाऐवजी ‘यकृत’ लिहावं, काळीज म्हटलं की काहींना हृदय वाटतं.

ही पुटी म्हणजे एका पट्टकृमीची, फितीसारख्या चपट्या जंताची, मेंढीच्या अंगातली अवस्था. तिच्या भिंतीलाही नेमके शब्द हवेत. बाहेरचं चिवट वेष्टन मेंढीच्या शरीरानं बांधलेलं असतं. त्याच्या आत कृमीचा स्वतःचा पांढरट थर. त्याला ‘पापुद्र्यांचा थर’ यापेक्षा चांगलं नाव मला दिसत नाही. कांद्यासारखे पदर एकावर एक, आणि चिरला की कडा गुंडाळते. त्यात पेशी नसतात; साखरेच्या साखळ्या लगडलेली म्युसिन प्रथिनं असतात आणि कॅल्शियम फायटेटचे बारीक कण. धान्याच्या कोंड्यात असतं तेच हे फायटेट. सगळ्यात आत नाजूक जननस्तर. त्यावर पट्टकृमीची डोकी धरतात, सुटून तळाशी बसतात. तळाशी साचलेल्या या डोक्यांना ‘वाळू’च म्हणावं. डोकी नसलेली ती वांझ पुटी. गाईगुरांत बहुतेक वांझ, मेंढीत मात्र वाळूची जास्त. पाण्यातलं ‘अँटिजेन बी’ हे प्रथिन मेद वाहून नेतं. या कृमीला मेदाम्लं आणि कोलेस्टेरॉल स्वतः बनवता येत नाही, ते मेंढीकडूनच घ्यावं लागतं.

आतड्यावरच्या चरबीच्या पडद्याला लोंबणारी, आत एकच पांढरा ठिपका असलेली पुटी वेगळ्या पट्टकृमीची. तिला हायडॅटिड लिहू नये.

पुटी फोडू नये आणि ते काळीज-फुप्फुस वाड्यावरच्या कुत्र्याला मुळीच टाकू नये. वाळूतल्या एकेका डोक्याचा कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचा पट्टकृमी होतो. त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर, हातावर येतात. माणसाला पुटी होते ती या अंड्यांमुळे, मटण खाऊन नव्हे. असं काळीज अर्धा तास उकळावं किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतकं खोल पुरावं. कुत्र्याला डॉक्टरांना विचारून प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध, वजनाच्या किलोमागे 5 मिलिग्रॅम, दर 6 आठवड्यांनी द्यावं. कृमीला अंडी घालण्याजोगं व्हायला साधारण तेवढेच दिवस लागतात.