फ्लॅटच्या बाल्कनीत तीन सायकली ठेवून तिथेच त्यांची दुरुस्तीही करायची असेल तर जागा कशी लावावी, कोणती हत्यारं घ्यावीत?

तुम्ही दिलेला तपशील असा: दुसरा मजला, मागची बाल्कनी दहा फूट बाय चार फूट, वडिलांची जुनी काळी हर्क्युलस, तुमची गिअरची हायब्रिड (रस्त्याची आणि माउंटन सायकल यांच्या मधली) आणि मुलीची २० इंची. पंक्चरपासून ऑइलिंग-ग्रीसिंगपर्यंत सगळं घरी करायचंय, खर्च आटोक्यात हवा आणि घरच्यांनी त्याला अडगळ म्हणू नये. शेवटची अट सोडली तर सगळं जमण्यासारखं आहे.

मी पुण्यात अशाच एका बाल्कनीत बरीच वर्षं हे उद्योग करतोय. घरातलं वर्कशॉप हत्यारांवाचून बंद पडत नाही. ते बंद पडतं कारण काम सुरू करायच्या आधी चार वस्तू हलवाव्या लागतात आणि मग उकिडवं बसून पाठ धरते. दोनदा असं झालं की सायकल पुन्हा कोपऱ्यावरच्या दुकानात जाते. म्हणून पहिला पैसा पान्यांवर घालू नका. सायकल जमिनीवरून उचलली जाईल आणि तुम्ही उभं राहून काम करू शकाल, एवढी सोय आधी करा.

त्यासाठी सगळ्यात स्वस्त जुगाड म्हणजे बाल्कनीच्या वरच्या स्लॅबला दोन हुक. स्लॅब आरसीसीचा असतो, त्यामुळे चांगला अँकर फास्टनर (भोकात फुगून पकड घेणारा बोल्ट) तिथे घट्ट बसतो. एका हुकातून दोरी सीटखाली, दुसऱ्यातून हँडलच्या दांड्याला. पेडल कमरेच्या थोडं वर येईल इतकी उंची ठेवा. सायकल झुलते, म्हणून तिसरी दोरी मागच्या चाकाजवळून रेलिंगला बांधायची. काम संपलं की दोऱ्या गुंडाळून हुकाला अडकवून द्या, जागा मोकळी. पण दिव्याच्या पॉइंटच्या आसपास ड्रिल मारू नका, स्लॅबमधून वायरचे पाइप गेलेले असतात. आणि फ्लॅट भाड्याचा असेल तर मालकाला आधी विचारा.

हर्क्युलसला दोरीचीही गरज नाही. तिचा मागचा स्टँड लावला की मागचं चाक आपोआप अधांतरी होतं. पेडल फिरवून चेन तपासा, तेल घाला, सगळं तिथल्या तिथे.

सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करणं ही आपली जुनी पद्धत. पंक्चरपुरती ठीकच आहे. पण हायब्रिडला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील तर टाळा. उलटं ठेवल्यावर ब्रेकच्या तेलाच्या टाकीतली हवा नळीत शिरू शकते आणि मग लिव्हर पोकळ लागतो.

आता सायकली ठेवायच्या कशा. भिंतीला हुक मारून पुढचं चाक त्यात अडकवायचं आणि सायकल उभी टांगायची, हे चित्र सगळीकडे दिसतं. तुमच्या बाल्कनीत ते लांब भिंतीवर करू नका. उभी टांगलेली सायकल भिंतीपासून साधारण साडेतीन फूट बाहेर येते. चार फुटी बाल्कनीत मग तुम्ही कुठून जाणार? टांगायचीच असेल तर आखूड बाजूच्या भिंतीला टांगा, म्हणजे ती बाल्कनीच्या लांबीत मावेल. हायब्रिड टांगा, हर्क्युलस खालीच ठेवा. तशी काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरते. ती रोज छातीपर्यंत उचलायची हौस आठवडाभर टिकेल. मुलीची सायकल दाराशी, तिला स्वतःला काढता येईल अशी.

हुक मारण्याआधी भिंत ओळखून घ्या. ड्रिल मारल्यावर लाल भुकटी आली तर वीट आहे, नेहमीचा प्लग चालेल. करडी धूळ आली आणि ड्रिल कुरकुरत पुढे सरकलं तर काँक्रीट, उत्तमच. पण ड्रिल अलगद आत गेलं आणि फिकट, हलकी भुकटी खाली सांडली तर तो एएसी ब्लॉक, म्हणजे हवेची छिद्रं असलेला हलका सिमेंटचा ब्लॉक. नव्या इमारतींत बहुतेक हाच असतो. त्यात साध्या प्लगवर टांगलेलं ओझं काही दिवसांनी प्लगसकट बाहेर येतं. एएसी ब्लॉकसाठी वेगळे, लांब नायलॉनचे अँकर मिळतात. नाहीतर तीन फुटी जाड लाकडी पट्टी पाच-सहा ठिकाणी भिंतीला बसवा आणि हुक त्या पट्टीत मारा, म्हणजे वजन वाटलं जातं.

पश्चिमेची बाल्कनी असेल तर बांबूची चिक किंवा शेडनेट लावा. उन्हाने टायरच्या कडांना बारीक चिरा पडतात आणि सायकल न वापरताच टायर जातं. पावसाळ्यात लोक सायकलीवर प्लॅस्टिक गुंडाळतात, ते नको. आत दमट हवा कोंडते आणि स्टीलच्या रिमला गंज धरतो. जुनी सुती चादर टाका. जूनच्या आधी सीटची दांडी बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवा. ती एकदा फ्रेममध्ये धरली की पुढचं सगळं हातोडीवर जातं. आणि दुपारी एक ते चार हातोडी चालवायची नाही, हे पुण्यात वेगळं सांगायला नको.

हत्यारं. मोठी पेटी एकदम घेऊ नका. त्यातले निम्मे पाने तुमच्या सायकलींना कधीच लागत नाहीत. सुरुवातीला एवढं पुरे: २ ते ८ मिमीच्या ॲलन की, ८ ते १७ मिमीचे पाने, पेडलसाठी १५ मिमीचा पातळ तोंडाचा पाना, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, कानस, प्लॅस्टिकच्या तीन टायर लिव्हर, चेन तोडायचं टूल, चाकाच्या तारा आवळायची स्पोक की, आणि गेज असलेला उभा पंप. पानेपक्कड टपारियाचे घ्या. आपल्या नाशिकचे आहेत, वर्षानुवर्षं टिकतात आणि नटाचे कोपरे खात नाहीत. पुण्यात असाल तर बोहरी आळीत सगळं एका फेरीत मिळेल, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला. जुन्या बाजारात कधी कधी जुना, भक्कम व्हाइस (वस्तू घट्ट धरून ठेवणारा शिकंजा) मिळून जातो. नवा घेण्यापेक्षा तो बरा. हुक, दोऱ्या, ऑइल-ग्रीस धरून चार-पाच हजारांत पहिला टप्पा बसतो. त्यात पंपावर काटकसर करू नका. पुढचं हत्यार त्याचं काम निघेल त्या दिवशी आणायचं.

हर्क्युलसचे नट काही इंची मापाचे निघू शकतात. मिमीचा पाना सैल बसतोय असं वाटलं की जोर लावू नका. सायकलच्या दुकानात दोन्ही टोकांना वेगवेगळ्या मापांची भोकं असलेला छोटा पाना मिळतो, तो आणा.

हत्यारं पेटीत न ठेवता प्लायच्या तुकड्यावर खिळे मारून टांगा. प्रत्येकाभोवती मार्करने बाह्यरेषा काढली की कोणतं परत आलं नाही ते लगेच दिसतं. त्याच प्लायवर आकडे लिहून ठेवा. टायर-ट्यूब घेताना नुसतं "२८ इंची" म्हणालात तर फसाल. हर्क्युलसचं टायर २८ × १½, म्हणजे ६३५ मिमीच्या रिमचं. तुमच्या हायब्रिडचं बहुतेक ७००सी, म्हणजे ६२२ मिमी. पण अशाही काही टायरांवर २८ छापलेलं असतं. एकाचं दुसऱ्याला कितीही ओढलं तरी बसत नाही. मुलीचं बहुधा ४०६. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात हा तीन आकडी नंबर असतो, तो बघून लिहा. हवेचा दाबही तिथेच छापलेला असतो. काळ्या सायकलीचे सुटे भाग मिळण्याची काळजी करू नका. त्याच ठेवणीच्या सायकली लुधियानात आजही निघतात, त्यामुळे कॉटर पिनपासून (पेडलचा दांडा आसाला धरून ठेवणारी पाचर) छर्ऱ्यांपर्यंत, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्यांपर्यंत, सगळं गल्लीतल्या दुकानात सापडतं.

उलटे आटे, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने फिरवून सुटणारे, दोन ठिकाणी असतात, तेवढे पाठ करा. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं. आणि पेडलांच्या मधल्या आसाचा चेनकडचा कपही, बहुतेक सायकलींवर. निघत नाही म्हणून नळी लावून जोर करण्याआधी आपण सैल करतोय की आवळतोय ते बघा.

पंक्चर काढताना घाई नडते ती सोल्युशनला. काचपेपरने ट्यूब घासून सोल्युशनचा पातळ थर लावा आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा. मगच पॅच. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच संध्याकाळपर्यंत सुटतो. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून सुती फडकं फिरवा. बाभळीचा काटा किंवा काचेचा कण असेल तर फडक्याचा धागा तिथे अडकतो, बोटही वाचतं. हर्क्युलसच्या बाबतीत मात्र ट्यूब उघडण्याआधी वॉल्ववर थुंकीचा थेंब लावून बघा. बुडबुडा आला तर पंक्चर नाहीच, आतली रबराची वॉल्व ट्यूब कुजलीय. पाच मिनिटांचं, दोन-चार रुपयांचं काम.

कॉटर पिन हे त्या सायकलीचं सगळ्यात त्रासदायक काम. नट पूर्ण काढून हातोडी मारली तर पिनचे आटे चपटे होतात. म्हणून नट सैल करून पिनच्या टोकाच्या बरोबरीला आणायचा, क्रँकखाली (पेडलच्या दांड्याखाली) जमिनीपर्यंत पोचेल असा जाड लोखंडी पाइपाचा तुकडा उभा धरायचा आणि नटावर एकच सणसणीत घाव घालायचा. खाली आधार नसेल तर तो मार छर्ऱ्यांवर आणि कपांवर जातो. हळूहळू टकटक केल्याने पिन अजून फसते. नवी पिन सपाट बाजूने कानशीनं घासून बसवावी लागते. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, नाहीतर पेडलं सरळ रेषेत येत नाहीत आणि चालवताना लंगडल्यासारखं होतं.

हब (चाकाचा मधला भाग) खोलाल तेव्हा आधी बाल्कनीच्या मोरीच्या भोकावर बारीक जाळी ठेवा. फरशीचा उतार तिकडेच असतो आणि सुटलेला छर्रा बरोबर तिथेच जातो. छर्रे स्टीलच्या वाटीत काढा, वाटीखाली जुन्या स्पीकरचं लोहचुंबक. मागच्या हबमध्ये सहसा पाव इंची असतात, पुढच्यात ३/१६ इंची. फरक डोळ्याला फारसा दिसत नाही, त्यामुळे दोन वाट्या वेगळ्या. एखादा छर्रा खराब दिसला तर तेवढाच न बदलता त्या बाजूचे सगळे बदला.

चेनला खोबरेल तेल घालणारी मंडळी आहेत, थंडीत ते गोठतं. डब्ल्यूडी-४० गंजलेला नट सोडवायला आणि पाणी घालवायला चांगलं, पण चेनचं वंगण म्हणून ते टिकत नाही. चेनला खास चेनचं तेल प्रत्येक कडीवर थेंब-थेंब घाला, थोडा वेळ पेडल उलटं फिरवा आणि मग कोरड्या फडक्याने पुसून टाका. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ पकडतं. हायब्रिडची चेन किती झिजली ते स्टीलच्या फूटपट्टीवर कळतं. नव्या चेनच्या एका पिनपासून मोजलं तर बरोबर बारा इंचांवर पिन येते. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. १/८ इंच गेली असेल तर मागची दातेरी चाकंही बहुतेक गेली, आणि तो खर्च मोठा. वर्षातून दोन-तीनदा एवढं मोजलंत तरी पुष्कळ पैसे वाचतील.

चाकाचा आऊट, म्हणजे रिमचं डगमगणं, सुरुवातीला तुमच्या हायब्रिडवरच काढायला शिका, मुलीच्या सायकलीवर नको. तारेच्या टोकाचा निपल एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. रिम डावीकडे घासत असेल तर तिथल्या उजव्या बाजूच्या तारा थोड्या आवळायच्या. फारच आऊट असेल किंवा तारा तुटल्या असतील तर चाक काढून दुकानात द्या. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकशी संबंध तोडू नका. फ्रेमचे गेलेले आटे, अडकलेला फ्रीव्हील किंवा हायड्रॉलिक ब्रेकचं ब्लीडिंग (नळीतली हवा काढणं) त्याच्याकडेच बरं. आणि नुसतं चाक हातात घेऊन गेलात तर कामही लवकर होतं.

हायब्रिडला ब्रेक रिमचे आहेत की डिस्कचे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. डिस्कचे असतील तर बाल्कनीत कोणताही स्प्रे वापरताना डिस्कवर फडकं टाका. एक फवारा पॅडवर उडाला की ब्रेक किंचाळायला लागतात आणि धरत नाहीत, मग पॅड बदलण्यावाचून सहसा इलाज राहत नाही. ब्रेक कोणते ते आणि भिंत विटेची निघते की ब्लॉकची, एवढं खाली कळवा. हुक कुठे मारायचे ते मापासकट सांगतो.