सातवीतल्या मुलाला सेन्सरवर चालणारी मोटर शिकवायला दोन हजार रुपयांत कोणतं आर्डुइनो (कोड लिहून चालवायचा छोटा बोर्ड) किट घ्यावं?

कुठलंच नको, निदान आत्ता तरी. तुमचं बजेट दोन हजार आहे ना? मग पुण्यातल्या तपकीर गल्लीत जा, नाहीतर तुमच्या गावातलं सुट्या पार्टांचं दुकान गाठा. एक एलडीआर (उजेड पडला की ज्याचा रोध कमी होतो असा सेन्सर), १० के म्हणजे दहा हजार ओहमचा प्रीसेट (फिरवून रोध बदलता येतो तो), टीआयपी१२२ ट्रान्झिस्टर (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा), १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा), ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता पार्ट जोडायची पाटी), खेळण्यातली डीसी मोटर आणि चार पेन्सिल सेलचा होल्डर घ्या. उरलेल्या पैशांत करंट आणि व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर घ्या. मीटर नसेल तर बाकी काही घेऊच नका.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेडला शिकवायचो. माझ्या पुतणीनं सातवीतच शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी उजेड पडला की फिरणारा पंखा करायला घेतला. सेल, एलडीआर आणि मोटर तिनं एकापुढे एक जोडले आणि टॉर्च मारला. पंखा ढिम्म. "काका, मोटर खराब आहे." मी काही न बोलता मीटर तिच्या हातात दिला. मोटर थेट सेलला लावली तर भिरभिरली, दीडशे मिलिअँपियरच्या आसपास करंट. एलडीआरमधून लावली तर जेमतेम चार-पाच मिलिअँपियर. थोडा वेळ आकड्यांकडे बघत बसली आणि म्हणाली, "याला उजेड कळतो, पण मोटर ओढायची ताकद नाही याच्यात." ट्रान्झिस्टर कशासाठी असतो हे मला तिला सांगावंच लागलं नाही!

मग बीसी५४७ हा छोटा ट्रान्झिस्टर लावला. पंखा फिरला, पण ट्रान्झिस्टर बोट लाववेना इतका तापला. त्याची मर्यादा १०० मिलिअँपियर, हे डेटाशीटमधून (कंपनीच्या माहितीपत्रकातून) तिनंच शोधलं. म्हणून टीआयपी१२२. ट्रान्झिस्टरला बेस, कलेक्टर, एमिटर असे तीन पाय: एलडीआर प्लसकडून बेसला, प्रीसेट बेसकडून मायनसला, मोटर प्लस आणि कलेक्टरच्या मध्ये, एमिटर मायनसला. खोलीतल्या उजेडात पंखा बंद राहील इतका प्रीसेट फिरवायचा. पंखा बोटानं धरला की करंट एकदम का वाढतो, हाही प्रश्न तिचाच. फिरती मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते, म्हणून फिरताना करंट कमी आणि अडवली की जास्त. हे कळायला कॉलेजात जावं लागत नाही.

प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, "यात कोडिंग कुठंय? ट्रान्झिस्टर आता कोण शिकवतं?" पहिला नंबर शेजारच्या तयार किटच्या गाडीला मिळाला. मोटरला करंट कुठून येतो, हे त्या मुलाला सांगता आलं नव्हतं. दोष त्याचा नाही, त्याला कुणी ते विचारायला शिकवलंच नव्हतं. मी परीक्षकांशी तिथेच वाद घातला आणि आजही तेच म्हणतो. आर्डुइनोचा जो उनो आर३ बोर्ड आहे, त्याच्या एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपियर आहे. त्यावर ही मोटर थेट चालत नाही, मध्ये ट्रान्झिस्टर लागतोच. त्या गाडीत मोटर चालवणाऱ्या एल२९८ चिपची लाल पाटी होती, तिच्या पोटात तरी दुसरं काय असतं? कोड कितीही चांगला लिहा, सेलचा करंट मोटरला ट्रान्झिस्टरमधूनच मिळतो. तुमच्या मुलाच्या शाळेत कुणी असं बोललं तर त्यांना हा हिशोब कागदावर मांडून दाखवा.

आर्डुइनो वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. टॉर्चमागे धावणारी दोन मोटरींची गाडी या पद्धतीनं जमली की खुशाल घ्या. मूळ उनोची नक्कल असलेला बोर्डही चालतो.

राहिलेलं एक: डायोड मोटरच्या दोन टोकांना, पट्टीची बाजू प्लसकडे. तो नसेल तर मोटर बंद होताना उसळणारा व्होल्टेज ट्रान्झिस्टर मारू शकतो. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटरसाठी घेऊ नका, तेवढा करंट तिला झेपत नाही. आणि घरातल्या २३० व्होल्टच्या पंख्यावर हा प्रयोग मुलाला अजिबात करू देऊ नका, त्यानं कितीही हट्ट केला तरी.