सांगलीत जुन्या बीटलची 'हर्बी' रेप्लिका करून रोज चालवता येईल का?

हो, येते, फक्त रंग आणि स्टिकरवर थांबा, पत्रा कापू नका. हर्बी म्हणजे डिस्नेच्या सिनेमातली गाडी, मुळात १९६३ ची फोक्सवॅगन बीटलच, पांढरी गाडी, लाल-पांढरा-निळा पट्टा आणि गोलात ५३, त्यामुळे सिनेमातल्या बाकी गाड्यांपेक्षा ही खूपच सोपी पडते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे ना, त्यात आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल चालत नाही आणि २०१९ ला सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलंय. म्हणून:

- गाडीचा मूळ रंग दुसरा असेल तर आरटीओत जाऊन आरसीवर नवीन रंग चढवून घ्या
- हर्बीला कापडी सनरूफ आहे, तुमच्या गाडीला नसेल तर छताला हात लावायचा नाही, जीव तुटला तरी
- हर्बीची सिनेमातली ओएफपी ८५७ ही नंबरपाटी फक्त प्रदर्शनात, रस्त्यावर एमएच १० च

एकच गोष्ट बघा, गाडी ५० वर्षांपुढची म्हणून व्हिंटेज रजिस्ट्रेशन घेतलं तर ती रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच बाहेर काढता येते.